दस्तीखालचा अंदाज

आमच्या लातूरच्या ऑफिसात कामाला किती दिवस लागतील हे तोंडानं विचारलं की खरं उत्तर कधी यायचं नाही. पुण्याचे मॅनेजर व्हिडिओवर विचारणार आणि आमचे सगळे माना डोलावणार, "होऊन जाईल सर, दोन आठवड्यांत." मोठ्या माणसाला नाही म्हणायचं कसं? मग रविवारीसुद्धा मरमर करा. टीमलीड मी, त्यामुळं शिव्या मला. डोकं फिरायचं.

उपाय काढला उदगीरकडच्या आमच्या डेव्हलपरनं. त्याचे वडील बैलबाजारात दलाल. तिथं भाव बोलत नाहीत. दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, हात धरून बोटं दाबतात, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. "आपण बी तसंच करू की सर," म्हणाला. सगळे हसले. टीममधल्या दोघी म्हणाल्या, "आम्ही चिठ्ठी देऊ, तुमचं चालू द्या." गाडीवर तोंडाला बांधायची एक दस्ती मिळाली आणि सुरू झालं. एक बोट म्हणजे एक आठवडा.

अडत दुकानांच्या बिलांचं काम होतं. सकाळी तो मोठ्यानं दोन आठवडे म्हणाला होता. दस्तीखाली त्यानं माझी पाचही बोटं धरली आणि सोडलीच नाहीत. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी, बिलोलीला. पहिलंच लेकरू. डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्याची तारीख दिलेली, आणि काम द्यायच्या आठवड्यात कुणालाच सुट्टी नसते.

मी मॅनेजरना पाच सांगितले.

"अहो, पाच कसले? तीन. क्लायंटला मी कालच सांगून टाकलंय."

"मग आम्हाला विचारता काहून?"

"प्रोसेस असते ती."

मी भांडलो. तिनाचे तीनच राहिले.

पोरगी झाली तेव्हा तो ऑफिसच्या जिन्यात फोन धरून उभा होता. "नाक माझ्यावर गेलंय का, सर?" नेटवर्क असं, की काहीच धड दिसत नव्हतं. मी म्हणालो, "हाव, तुझ्यावरच." मला फार वाईट वाटलं. काम शेवटी पाच आठवडे चाललंच. तो बिलोलीला गेला त्यानंतर.

पुढचं काम आलं, आधीच्याहून मोठं. दस्ती पुन्हा निघाली. त्याची पाळी आली तेव्हा मी पंजा सगळा उघडा ठेवला. त्यानं दोन बोटं दाबली.

मी हात काढला नाही. म्हटलं, बघ बरं नीट.

"दोनच सर," तो म्हणाला. "होऊन जाईल."