चुनी कुणाची

“ही मुकी हाय का काय?”

मी यंत्राच्या पलीकडे उकिडवी बसून मापं लिहून घेत होते. प्रश्न माझ्याबद्दल होता, हे लगेच कळलं. वेल्डर म्हणाला, न्हाई अप्पा, इंग्रजी शाळेत शिकलेली हाय, नांदेडची. थोडा वेळ पाना फिरल्याचा आवाज आला. मग अप्पा म्हणाले, “मग ठीक. बोलत न्हाई, ती बघत तरी आसंल.”

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतला तो डाळ करायच्या यंत्रांचा जुना कारखाना. मी तिथं लागून आठवडाही झाला नव्हता. अप्पा हेड फिटर, मोठ्या मालकांनी पहिलं यंत्र विकलं तेव्हापासूनचे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, सदऱ्याच्या खिशात पाना. ते जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही कुठल्या गिरणीत गेले की माझे पाय आपोआप मागच्या बाजूला वळतात. ती खोड त्यांची.

गिऱ्हाइकाकडे गेल्यावर अप्पा पुढच्या दारानं कधी आत जात नसत. आधी गिरणीला वळसा घालून मागं जायचे आणि कचऱ्यापाशी उभे राहायचे. म्हणायचे, “मानूस च्या पाजून खोटं बोलतो. उकिरडा खरं बोलतो.” हिमायतनगरकडच्या एका गावात बचत गटानं आमचं यंत्र घेतलं होतं. अध्यक्षीणबाई पुढच्या खोलीत यंत्राचं कौतुक सांगत होत्या, मी ते वहीत उतरवून घेत होते. अप्पा मागून आले आणि मला हळूच म्हणाले, “वही मिटा म्याडम. मागं मूठभर फोल न्हाई.” आत जाऊन पाहिलं, तर यंत्रावर उद्घाटनाचा हार तसाच होता, वाळून दोरी झालेला.

अशी आमची यंत्रं गावोगावी झाकून पडली होती. विकली जात होती, चालत नव्हती. एकदा घेतलेला पुन्हा फिरकत नव्हता. त्याच सुमारास धाकटे मालक पुण्याहून कसलंसं शिबिर करून आले. आता जुन्या कंपनीनं स्टार्टअपसारखं वागायचं, असं त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. यंत्र विकायचं नाही, टेम्पोवर बसवून दारात न्यायचं आणि डाळ करून द्यायची. एक हंगाम, एक टेम्पो, एक ड्रायव्हर, अप्पा आणि मी. फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘लवकर चुका, लवकर शिका’. “चुकायची पूर्ण मुभा आहे,” ते म्हणाले. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. फळ्याकडे बघत पुटपुटले, “मुभा तर दिली. पन पयली चूक सोताच्या नावावर कोन घेनार?”

डीलर लोक खवळले. यंत्र दारात आलं तर आमच्याकडून विकत कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मोठ्या मालकांनी मुलासाठी म्हणून एक हंगाम कबूल केला होता, पण त्यांचं मन डीलरांकडे होतं. पहिलं निमित्त मिळताच टेम्पो बंद होणार आणि अप्पांना घरी बसवणार, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला पहिल्या गावात सकाळी बायका आल्या. भिजवून, वाळवून ठेवलेली तूर घेऊन आल्या, डाळ घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. पुढच्या गावातही तेच. मी टेम्पोत बसून मोबाइलवरून आठवड्याचा अहवाल पाठवला. त्यात एक वाक्य होतं, ‘या भागात मागणी नाही.’ ते लिहिताना मी टेम्पोतून खालीही उतरले नव्हते.

देवणीकडच्या गावात अप्पा सवयीनं आमच्याच टेम्पोच्या मागं गेले. तिथं एक म्हातारी चुनीच्या पोत्यावर हात ठेवून उभी होती. डाळ पडताना जो कोंडा आणि ज्या कण्या वेगळ्या होतात, ती चुनी, गुरांचं खाद्य. मोठ्या गिरणीत ती गिरणीवाल्याची, म्हणून आम्हीही ती ठेवून घेऊन कारखान्याच्या स्टोअरला जमा करत होतो. अप्पांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, सगळा जन्म गिरण्यांत गेलेला. म्हातारी त्यांना म्हणाली, “डाळ मी खाईन. आन माझ्या गाईचं तुमी खानार का?”

अप्पांनी पोतं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. मला म्हणाले, “लेकी, आपल्या मागचा उकिरडा बघायचा ऱ्हायला.” दुसऱ्या दिवशी रांग पारापर्यंत गेली. प्रत्येकीची चुनी प्रत्येकीला मिळत होती.

दुसरा अहवाल मी लिहिला नाही. उद्या लिहू, असं चार दिवस म्हणत राहिले. पहिल्या अहवालातलं ते वाक्य खोडावं लागलं असतं.

बैठकीला बोलावणं आलं ते चुनीमुळे. स्टोअरवाल्यानं सांगितलं, देवणीहून एकही पोतं जमा नाही. एका डीलरनं हसत विचारलं, अप्पांच्या घरी म्हशी किती? अप्पांच्या घरी मांजरसुद्धा नव्हतं.

मोठ्या मालकांनी विचारलं, “अप्पा, चुनी कुठं गेली?”

“दिली मालक. ज्याची त्याला.”

“कुणाला?” त्यांनी माझा तो एकच अहवाल पुढं ओढला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. “इथं लिहिलंय मागणी नाही. माणूसच आलं नाही, तर दिली कुणाला? इतक्या वर्षांनी मला हे ऐकायचं होतं का, अप्पा?”

धाकटे मालक मोबाइलकडे बघत होते. त्यांच्या मागं फळ्यावरची ती ओळ अजून पुसलेली नव्हती. अप्पांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एक शब्द बोलले असते तर सगळे माझ्याकडे वळले असते. त्यांनी खिशातला पाना काढला आणि टेबलावर ठेवला. तो कायमचा ठेवून देण्यासाठी काढला होता, हे मला कळलं.

पुरुषांनी भरलेल्या खोलीत मी तोवर कधी बोलले नव्हते. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला, तेव्हा समजलं की मी उभी आहे.

“रांग पारापर्यंत होती, सर,” मी म्हणाले. “चुनी अप्पांनी माझ्यासमोर परत दिली. मागणी नाही, हे वाक्य माझं आहे आणि ते चूक आहे. मी टेम्पोच्या मागं जाऊन बघितलंच नव्हतं.”