भावाला पेशी द्यायला गारखेड्याला

मायचा फोन आला तेव्हा मी सुरतेत साड्यांच्या मागावर कामाला होतो. "संत्याचं अंग रक्तच बनवंना. जुळा भाऊ म्हणून तुझ्याच पेशी जुळल्यात. लई हिंडलास, आता ये." संतोष वैजापूरला अडतीच्या काट्यावर असतो. मी त्याच्याहून दहा मिनिटांनी मोठा. त्याच सांजंला पिशवी उचलली.

सुरतेहून नाशिकपर्यंत खासगी बस, पुढं एसटी. कुणाला या रस्त्यानं जायचं असेल तर खिडकी डावीकडची धरा, दुपारचं ऊन लागत नाय. येवल्याला चहा बरा मिळतो. वैजापूर आलं तरी मी उतरलो नाय. घराला कुलूप होतं, सगळे दवाखान्यात.

दवाखाना वैजापूरच्या पुढं, मोठ्या शहरातल्या गारखेड्यात. समोरच्या गल्लीत पेशंटवाल्यांना खोल्या मिळतात. पंखा आधी चालवून बघा. संतोष काचेच्या खोलीत होता, टक्कल केलेला. मला बघून म्हणाला, "आरशात बघायची गरज नाय आता. तू बी भादरून घे."

मला पाच दिवस रोज सुई. त्यानं हाडातल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मी डॉक्टर मॅडमला विचारलं, "आम्ही एकाच बीजाचे, मग आजार त्यालाच का?"

"नेमकं कारण मलाही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण असं बघ, दोघांच्या प्रत्येक पेशीत लिहिलेलं एकच. कुठलं पान उघडं राहतं, कुठलं मिटतं, हे मात्र जगता जगता वेगळं होत जातं. कातडीच्या पेशीत रक्ताची पानं मिटलेली. या मूळ पेशींत ती उघडतात."

मला पटलं. आमच्या मागावर ताण्याचे उभे धागे सगळे सारखेच. नक्षीच्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असंल तिथलाच धागा वर जातो, म्हणून एका साडीत मोर निघतो, दुसरीत वेल.

मायचं वेगळंच. "मॅडम, ह्याच्या पेशी गेल्यावर तो बी ह्याच्यावाणी भटक्या व्हईल का वो?"

"रक्तच बनेल, मावशी. भटकणं नाही जात त्यातून."

चौथ्या दिवशी हाडं आतून कुणी ठोकतंय असं दुखायला लागलं. खोलीत बसवंना. रिक्षानं शहागंजला गेलो, नान-खलिया मागवला, अर्धा तसाच ठेवला. तिथून चालत सुटलो ते थेट मध्यवर्ती स्टँडवर. नाशिकची गाडी लागली होती. चढलो. खरं तेच लिहितो, पळूनच चाललो होतो. आणि संतोषच्या हाडातली जुनी मज्जा औषधानं मारून झाली होती. मी गेलो असतो तर त्याच्या हाडात काहीच उरलं नसतं, हे मला सांगून ठेवलेलं.

कंडक्टर म्हणाला, "उभं कशाला राहता? पाठीमागं बसा. वैजापूरला गाडी रिकामीच व्हते."

वैजापूर, आणि रिकामं. मी खाली उतरलो. तो वरून ओरडला, "ओ पाहुणं, जायचं का नाय?"

"नाय," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांत सुया आणि पाच तास मशीन. जन्मात एवढा वेळ एका जागी पडलो नव्हतो. ओठांना मुंग्या येतात, घाबरू नका, सांगा, कॅल्शियम देतात. पिशवीत फिक्या लाल रंगाचं थोडंसंच जमलं. त्याच दुपारी ते संतोषला चढवलं. माय काचेला हात लावून उभी होती. पेशी रुजतील का नाय, ते दोन-तीन आठवड्यांनी कळणार होतं.

शेठ मागासाठी थांबंना, म्हणून तिसऱ्या दिवशी मी परतलो. मागाच्या आवाजात फोन कळत नाय, तर खिशात कंपन लावून ठेवला. मायकडून रोज पांढऱ्या पेशींचा आकडा यायचा: शंभर, शंभर, दीडशे. मग दोन दिवस काहीच नाय. त्या दोन दिवसांत मी एकाच साडीची नक्षी तीनदा चुकवली.

मग एका शनिवारी संत्यानं स्वतः फोन केला. "दादा, बाराशे झाल्या पांढऱ्या पेशी. रुजल्या म्हणत्यात मॅडम. तुझ्या हायेत, पण आता माझ्याच घरात राहतेत."

आयुष्यात तो मला पहिल्यांदा दादा म्हणाला.

मॅडम म्हणाल्या होत्या, दिलेल्या पेशी अंग पुन्हा भरून काढतं. भरलं असंल, मला कमी काही वाटत नाय. दर सुट्टीला मी कुठं ना कुठं निघायचो, डुमसची चौपाटी नायतर तापीचा काठ. त्या रविवारी खोलीवरच झोपलो, दुपारी चारपर्यंत.