चुकीचे पेढे

गाडे मॅडमनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुला काय काय येत नाही?"

मी राहात्याहून आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात वडिलांनी दिलेली पेरूची पाटी. पीएच.डी.साठी गाईड मिळवायचा तर रिकाम्या हाताने जाऊ नये, असं घरी सर्वानुमते ठरलं होतं. मला काय काय येतं ते एसटीत कोल्हारपासून नगरपर्यंत घोकलं होतं. येत नाही त्याची तयारी मात्र शून्य. घाबरून बोलून गेलो, "मॅडम, स्टॅटिस्टिक्स येत नाही. इंग्रजीत लिहायला जमत नाही. आणि मायक्रोस्कोपमध्ये बघितलं की मला बऱ्याचदा माझ्याच पापण्या दिसतात."

मॅडम खळखळून हसल्या. "अरे, पापण्या सगळ्यांनाच दिसतात. सांगत कुणी नाही. ये सोमवारपासून."

मग त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. "हे काय?"

"घरचे पेरू. तुमच्यासाठी."

"माझ्या एकटीसाठी? मला काय पोपट समजलास? उचल ती पाटी आणि लॅबमध्ये सगळ्यांना वाट."

मी पेरू वाटले आणि त्याच दिवसापासून त्या संशोधन केंद्रात माझं नाव 'पेरू' पडलं. पुढे डॉक्टरेट मिळाल्यावर मॅडमनी आदराने त्यात सुधारणा केली. त्या 'डॉक्टर पेरू' म्हणू लागल्या.

नगरमधल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं आमचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. मॅडम मूळच्या शेवगावच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि चाल अशी की सोबत चालणाऱ्याला पळावं लागे. एरवी त्यांचं मराठी एकदम स्वच्छ, छापील. पण आनंद झाला किंवा राग आला की आतून शेवगाव बाहेर यायचं. आम्हाला तो थर्मामीटरच होता. त्या "नाही" म्हणाल्या तर वाद घालायला जागा असे. "न्हाई" म्हणाल्या की आम्ही चपला शोधायचो.

त्यांचं नाव झालं होतं कांद्यामुळे. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांनी दाखवून दिलं होतं की कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याच्या ढिगात कडुलिंबाचा पाला घातला तर कांदा कमी सडतो. त्यावर त्यांचा लेख शोधपत्रिकेत आला, व्याख्यानं झाली आणि कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर एक भलामोठा फलक लागला. त्यावर डाव्या हाताला कांदा, उजव्या हाताला कडुलिंब आणि मधे तरुणपणच्या मॅडम. तिघांचेही चेहरे सारखेच गंभीर.

आमचे विभागप्रमुख कुलथे सर हा मॅडमच्या अगदी उलटा माणूस. त्यांचे संशोधक विद्यार्थी त्यांची स्कूटर सर्व्हिसिंगला न्यायचे, मुलीच्या लग्नात पंगती वाढायचे आणि जमलं तर संशोधनही करायचे. लेख कुणीही लिहो, पहिलं नाव सरांचं. ही रीतच आहे असं मलाही वाटायचं. म्हणून एकदा मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, तुमचं दळण मी घेऊन येऊ का? गिरणी माझ्या वाटेवरच आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "माझं दळण आणून तुला कसली पीएच.डी. मिळणार? पिठाची? एवढा वेळ आहे तर पुण्याला जा. तिथं स्टॅटिस्टिक्सची कार्यशाळा आहे. ते दळून आण."

मी गेलो. चार दिवस डोक्याचा भुगा झाला, पण परत आलो तेव्हा आकड्यांची भीती गेली होती. लगेच मॅडमनी मला इतरांना शिकवायला उभं केलं. कुणी काही शिकून आलं की ते सगळ्यांना वाटायचं, पेरूसारखं, हा केंद्राचा नियमच झाला. नोकरीच्या मुलाखतींचा सरावही त्या घ्यायच्या. त्यासाठी त्या यजमानांचा कोट घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, जांभया देणाऱ्या तज्ज्ञाचं सोंग घ्यायच्या. मी जीव तोडून माझं संशोधन सांगत असताना त्यांनी मधेच विचारलं होतं, "ते ठीक आहे हो, पण तुमच्याकडे पाऊसपाणी कसंय?" मी जागच्या जागी गारठलो. "हे विचारतात रे," त्या कोट काढत म्हणाल्या. "खऱ्या मुलाखतीत विचारलं की घाबरायचं न्हाई. 'बरा आहे' म्हणायचं आणि पुढचं वाक्य चालू करायचं."

पण मॅडमची खरी करामत म्हणजे शनिवारची 'फसगत'. दर शनिवारी दुपारी लॅबमधले आम्ही सगळे भेळ घेऊन बसायचो आणि त्या आठवड्यात आपलं काय फसलं ते प्रत्येकाने सांगायचं. सुरुवात मॅडम स्वतः करायच्या. एकदा त्यांनी काचसामानाबरोबर स्वतःचा जेवणाचा डबाही निर्जंतुक करायच्या यंत्रात घातला होता. "पोळ्या इतक्या निर्मळ झाल्या," त्या म्हणाल्या, "की खायचं धाडस होईना." एकाने आपण महिनाभर चुकीच्या बाटलीतलं द्रावण वापरल्याचं सांगितलं. आम्ही हसलो, आणि मग त्याच बाटल्यांवर ठळक चिठ्ठ्या लावायला सगळे उठलो. "चूक झाली तर लाज न्हाई," मॅडम म्हणायच्या, "झाकून ठेवली तर ती आतून सडते. कांदा बघा की."

एका शनिवारी कुलथे सर मुद्दाम येऊन बसले. सगळ्यांचं सांगून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं?"

"माझं या आठवड्यात काहीच चुकलेलं नाही," सर रुबाबात म्हणाले.

"अरेरे," मॅडम मनापासून हळहळल्या, "म्हणजे काही केलंच नाही की तुम्ही."

सर पुन्हा आले नाहीत. भेळ मात्र संपवून गेले.

मग आमच्यात वैशाली आली. पाथर्डीकडची. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ही वसतिगृहांत राहून शिकलेली. कामाला वाघीण, बोलायला ससा. मॅडमनी तिला विषय दिला तो स्वतःच्याच कांद्याचा. पाल्यातला नेमका कोणता घटक सड रोखतो ते तिने शोधायचं होतं. त्यासाठी आधी मॅडमचा जुना प्रयोग तिने पुन्हा करून बघितला. पाल्याचे ढीग आणि बिनपाल्याचे ढीग, शेजारीशेजारी. पहिल्या हंगामात दोन्ही ढीग सारखेच सडले. तिला वाटलं, आपलंच चुकलं. ती कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या हंगामात पुन्हा तेच.

तेव्हा ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "दादा, पाल्यानं काहीच फरक पडत नाही. मी सगळं तपासलं. आता मॅडमना कसं सांगू? बाहेर भिंतीवर त्यांचा एवढा मोठा फोटो आहे."

"मग काय करणार?"

"सोडून देते. बी.एड. करते."

मी तिला कसंबसं शनिवारपर्यंत थांबवलं. शनिवारी तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि भेळेच्या कागदाकडे बघत पुटपुटली, "माझा प्रयोग फसला."

मॅडमनी खोदून खोदून विचारलं. ढीग कसे रचले, मोजमाप कसं केलं, पाला कधी बदलला. वैशालीने एकेक सांगितलं. मॅडमचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "पोरी, तुझं काही फसलेलं दिसत नाही. उद्या शेवगावला चल. पेरू, तूही."

मॅडमचा जुना प्रयोग शेवगावला त्यांच्या भावाच्या कांदाचाळीत झाला होता. रविवारी आम्ही तिथे पोचलो. चाळ रिकामी होती. मॅडम आत शिरल्या, पश्चिमेच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि आठवून म्हणाल्या, "पाल्याचे ढीग मी इथे लावले होते. बिनपाल्याचे तिकडे, भिंतीकडे." एवढं बोलेपर्यंत त्यांचा कमरेला खोचलेला पदर वाऱ्याने सुटला आणि थेट माझ्या तोंडावर येऊन फडफडू लागला. त्यांनी तो ओढून घेतला, काहीतरी सुचल्यासारख्या तरातरा भिंतीच्या बाजूला गेल्या आणि तिथे पदर हातात धरून उभ्या राहिल्या. पदर हलेना.

त्या परत वाऱ्याच्या बाजूला आल्या. पदर फडफडला. पुन्हा भिंतीकडे. पदर ढिम्म. भाऊ दारात उभा राहून आपल्या विदुषी बहिणीच्या या येरझाऱ्या काळजीने बघत होता. "आक्का," तो म्हणाला, "ऊन लागलं का तुला?"

"वैशे!" मॅडम ओरडल्या. शेवगाव पुरतं बाहेर आलं होतं. "पदर बघ! पाल्यानं कांदा टिकला न्हाई गं, वाऱ्यानं टिकला! मी पाल्याचे ढीग वाऱ्याच्या अंगाला लावले आन् श्रेय कडुलिंबाला दिलं! लई मोठी गाढव हाय मी!"

वैशालीला रडावं की हसावं कळेना. येताना गाडीत मात्र, नगर जवळ आल्यावर, मॅडम खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं मिरवलं रे ते." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं. "वाईट वाटतंय. वाटू दे."

सोमवारी त्यांनी शोधपत्रिकेला आपला निष्कर्ष चुकल्याचं कळवून टाकलं आणि मग कुलथे सरांना सांगितलं. सरांच्या हातातला चहा बशीत सांडला. लवकरच विद्यापीठाची समिती केंद्राची पाहणी करायला येणार होती. कांदा हा आमचा एकमेव दागिना.

"मॅडम, पोरीला विषय बदलायला सांगा," सर म्हणाले. "समिती गेल्यावर बघू."

"तिची दोन वर्षं वाया घालवू? ती बरोबर आहे म्हणून?"

"अहो, मग केंद्राची मान्यता गेली तर? सगळ्याच पोरांचं नुकसान होईल!"

हे मात्र खरं होतं. त्या आठवड्यात आम्ही सगळेच धास्तावलेलो होतो. मॅडमनी आम्हाला एकत्र बसवून सरळ विचारलं, "धोका तुमचाही आहे. बोला." तो चुकीच्या बाटलीवाला म्हणाला, "मॅडम, माझी बाटली सांगायची आणि तुमचा कांदा झाकायचा, हे काही बरोबर दिसत नाही." प्रश्न मिटला.

समिती आली. तीन ज्येष्ठ प्राध्यापक. अध्यक्ष तर इतके कडक की त्यांच्यासमोर पंखासुद्धा दबकत फिरतोय असं वाटत होतं. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो, वैशाली कागदावरचं पहिलं वाक्य घोकत होती. तेवढ्यात मॅडम पेढ्यांचा खोका घेऊन आल्या आणि प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सुटल्या.

"काही आनंदाची बातमी?" अध्यक्षांनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

"हो सर. माझी चूक सापडली."

कुलथे सरांनी नुकताच पेढा तोंडात टाकला होता. तो त्यांना गिळता येईना आणि बाहेरही काढता येईना.

"बाहेर फलकावर जे लिहिलंय ते चुकीचं आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. आनंदाचे पेढे वाटूनही आवाज एकदम छापील होता, म्हणजे त्या किती घाबरल्या असतील ते आम्हालाच कळलं. "माझ्या विद्यार्थिनीने ते शोधून काढलं. आता ती बोलेल, मी ऐकते." आणि त्या समोरच्या रांगेत जाऊन बसल्या.

वैशाली बोलली. पहिली दोन वाक्यं कागदाला ऐकू गेली असतील तेवढीच. मग वाऱ्याचा विषय निघाला आणि तिचा आवाज मोकळा झाला. तिने नवे ढीग, खेळत्या हवेची जागा, सगळं नीट मांडलं. मग ती खाली बसली. अध्यक्षांनी चष्मा पुसला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "माझाही एक लेख आहे. ज्वारीवरचा." ते थांबले. "तोही मला फारसा पटत नाही आता." त्यावर दुसऱ्या सदस्यांना त्यांच्या एका बुरशीची आठवण झाली, जी बुरशी नव्हतीच, धूळ होती. बोलणं इतकं रंगलं की जेवण गार झालं. केंद्राची मान्यता राहिली. फलक तेवढा उतरवला गेला. मॅडमचं नाव विद्यापीठाच्या एका मोठ्या पुरस्कारासाठी जाणार होतं, ते मात्र गेलं नाही.

वैशालीचा व्हायवा झाला तोवर मॅडम निवृत्त होऊन शेवगावला राहायला गेल्या होत्या. त्या दिवशी त्या पहिल्या गाडीने आल्या. कारखान्याचा हंगाम संपवून वैशालीची आईही आली होती. नवं लुगडं, हाताला कोयत्याचे घट्टे. सभागृहात ती शेवटच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. इंग्रजीतलं तिला काही कळत नव्हतं, पण कुणीतरी कानात काय चाललंय ते सांगितलं असावं. कारण सगळं संपल्यावर ती सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर मॅडमपाशी आली आणि एकदम हात जोडून उभी राहिली.

"बाई, माझ्या पोरीनं तुमालाच खोटं पाडलं म्हनत्यात. लहान हाय वो ती. राग धरू नका."

मॅडमनी ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "न्हाई वो ताई. तिनं मला खोटं न्हाई पाडलं. खोट्यात ऱ्हाऊ दिलं न्हाई."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग वैशालीकडे, मग परत मॅडमकडे. चेहऱ्यावरची काळजी तशीच होती.

"म्हंजी, पास झाली ना?"

"झाली."

"मग बास," आई म्हणाली, आणि मॅडमचे हात हातात धरूनच खाली पायरीवर टेकली.