लेथवरचा खेकडा कोळी

खेकडा कोळी जाळं विणत नाही. पिवळ्या फुलात पिवळा होऊन बसतो, आयती माशी आली की धरतो आणि वेळ आली की तिरका पळतो. असा ऐतखाऊ प्राणी मी एम.एस्सी.ला का निवडला, तर सरांकडे दुसरा विषय जळवांचा होता म्हणून. लहानपणी डबक्यात एक जळू माझ्या मांडीला चिकटली होती. तेव्हापासून मी भिजवलेल्या मनुकांकडेही जपून बघतो.

सरांची अट सरळ होती. हा कोळी पुण्याच्या टेकडीवर सापडतो, आळंदीच्या मळ्यांत सापडतो. मधल्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो का, ते दाखव. दसरा झाल्यावर रविवारी बघायला येतो. नाही दाखवलास तर जळवा.

मी कासारवाडीला ताई-दाजींकडे राहत होतो. रुळांकडेची घाणेरीची झुडपं उलटीपालटी केली, कंपन्यांच्या फाटकांवरची फुलं हुंगली. एका वॉचमनने विचारलं, काय हरवलंय? कोळी, म्हटल्यावर त्याने मला पाणी पाजलं आणि सावलीत बसवलं.

दाजी एका कंपनीत लेथ मशीनवर कामाला होते. खंडेनवमीला कंपनीत मशीनं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजा झाली. संध्याकाळी दाजींनी घरी येऊन जेवणाचा डबा उघडला, तर आत माझ्यासाठी धरून आणलेले पिवळे खेकडा कोळी. ताईने तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही.

"तुजा खेकडा आमच्या लेथवर ऱ्हातोय," दाजी म्हणाले.

माझा आनंद गगनात मावेना. जेवता जेवता आम्ही दोघांनी सिद्धान्त रचला: कोळी आता फुलं सोडून लोखंडावर राहायला शिकलाय आणि कॅन्टीनमुळे त्याला माशांचा तोटा नाही. हार दोघांच्याही डोक्यात आला नाही. दाजींचं एक वेळ ठीक आहे, मी प्राणिशास्त्र शिकत होतो.

रविवारी सर आले. दाजींनी पाहुण्याला झेंडूचा हार घातला, ताईने चहा दिला आणि मी सिद्धान्त सुरू केला. कॅन्टीनच्या माशांपर्यंत आलो, तोच सरांच्या हारातून एक पिवळा कोळी निघाला आणि कॉलरवरून तिरका कानाकडे चालला. सरांनी त्याला अलगद काडेपेटीत घेतलं आणि हार कुठला, असं दाजींना विचारलं. कंपनीच्या हारांबरोबरच मागवला होता, आळंदीच्या मळ्यातून, असं दाजींनी कौतुकाने सांगितलं.

सर माझ्याकडे वळले. "आळंदीहून कामाला येणारा प्रत्येक जण इथला रहिवासी नसतो. मंगळवारी जळवांसाठी बरणी घेऊन ये."

मला अक्षरशः रडू आलं. मांडी तर आधीच खाजायला लागली होती.

हार कुठे टाकू, असं सरांनी विचारलं, तेव्हा दाजी घाईने म्हणाले, "कुटंबी नगा टाकू, साहेब. निर्माल्यावर पाय पडता कामा न्हाई. आमी कंपनीचं समदं मागल्या भिंतीपल्याड ठिवतो."

"दर वर्षी?"

"व्हय. कंपनी निघाल्यापासनं."

सर हारासकट उठले. वाटेत लोक त्यांना निवडून आलेला समजून नमस्कार करत होते आणि सर एकही नमस्कार चुकवत नव्हते. कंपनीच्या मागल्या भिंतीपलीकडे गंजक्या पत्र्यांतून झेंडू माजला होता. जुन्या हारांचं बी पडून आपोआप उगवलेला. आम्ही एकेक फूल उघडून बघू लागलो. मुंग्या. पुन्हा मुंग्या. मग एका दुमडलेल्या पानाआड अंड्यांची पिशवी दिसली आणि तिच्यावर पाय पसरून बसलेली पिवळी आई. मी बोट नेलं तर ती तिरकी होऊन अंगावर आली.

सर गुडघ्यांवर बसले.

"रहिवासी," ते म्हणाले.

मग त्यांनी गळ्यातला हार काढून झेंडूच्या मुळाशी ठेवला आणि काडेपेटीतला कोळीही तिथेच सोडला. दाजींनी हाराला आणि कोळ्याला, दोघांनाही हात जोडले.

मंगळवारी मी बरणी न घेता कॉलेजला गेलो.