कुंकवाचं बोट

परवा भूगावला आमच्या इमारतीच्या गच्चीवर डांबर तापवत होते. वास जिन्यातून घरात आला आणि माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

साठ-एक वर्षं झाली. माझं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि वऱ्हाडाला मुळशीच्या धरणाचं पाणी ओलांडायचं होतं. म्हणून वाडीनं एक जुनी होडी घ्यायची ठरवली. काठावर ओढून ठेवलेली ती होडी ताज्या डांबरानं चकचकत होती. वडिलांनी बुक्क्या मारून फळी न फळी वाजवून पाहिली. टोकाला मात्र हात लावला नाही, कारण विकणाऱ्यानं तिथं आधीच हळदकुंकू वाहून झेंडू चिकटवला होता. पुजलेल्या जागी बुक्की कोण मारणार?

"चांगली हाय," वडील म्हणाले. मग रीतीप्रमाणे आई कुंकू लावायला पुढं झाली. तिनं टोकाला बोट टेकवलं आणि ते पेरभर आत गेलं. डांबराखाली लाकूड नव्हतंच, कुजक्या गोणपाटाचा बोळा होता.



"लई जोरात दाबलंत, वैनी," विकणारा म्हणाला.

"माझ्या बोटानं फाटती, अन् हिच्यात माझी पोर बसवू व्हय?" आई म्हणाली.

वऱ्हाड डोंगरवाटेनं चालत गेलं. मांडवात आईनं मला कुंकू लावायला तेच बोट पुढं केलं. नखात अजून डांबर होतं. मी दचकून मागं सरले. मग आईनं बोट इतकं हलकं टेकवलं, की कुंकू लागलंच नाही.