बोरले पाणी पाजणारी गोजरमावशी

आमच्या सुलतानपुरात कोणालेही विचारा, गोजरबाईचं तोंड कसं हाय, तर मानूस पहिले हसते आन् मंग सांगते. मी अश्विनी, तिच्या शेजारची, लोणारले कॉलेजात जाते. मले मावशी लई आवडते, म्हणून मी तिच्याच बाजूनं सांगणार, आधीच सांगून ठेवते.

शेतातली विहीर तिनं आन् तिच्या नवऱ्यानं, शेषरावकाकानं, दोघांनी मिळून खांदलेली. काका फोडायचे, मावशी टोपल्यानं दगड-माती वर वाहायची. त्याच विहिरीवर वांगे, मेथी, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) पिकवला, लोणारच्या बाजारात विकला, पोरगा मोठा केला. मंग काका गेले. पाऊसही पहिल्यासारखा राह्यला नाही. येते तर एका दिवसात बांध फोडून जाते, आन् मंग महिनाभर तोंड दाखवत नाही. विहिरीचं पाणी खाली खाली जाऊ लागलं तशी मावशी दोराले आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे जोडत गेली. हिरवा, जांभळा, मंग तो विटका गुलाबी.

मंग ज्ञानेश्वरदादानं, म्हणजे तिच्या पोरानं, विहिरीच्या बाजूलेच बोर मारला. पाणी लागलं, पेढे वाटले! पण बोर विहिरीपेक्षा खोल, सारं पाणी त्यानंच ओढलं. विहीर कोरडी पडली, आन् पुढच्या उन्हाळ्यात बोरही नुसती हवा फेकू लागला. तवापासून मावशी जाता-येता बोरले शिव्या देते. "चोट्टा! माही इहीर पेला, आन् सोताही उपाशीच मेला!"

दादा म्हणे, "माय, कोरडी इहीर ठेवून काय करतं? बुजवू. सोयाबीनले जागा होईन."

मावशी त्या दिवशी जेवलीच नाही. मले राहवलं नाही, मी गावात पाण्याचं काम करणाऱ्या शेखरदादाले गाडीवर बसवून सीधं तिच्या ओट्यावर आणलं.

शेखरदादा म्हणे, "मावशी, बोरच्या भवती खड्डा करू. दगड, गिट्टी, रेती भरू. पावसाचं वाहून जाणारं पाणी गाळून बोरमंदी सोडू. खालची जमीन भरली का इहिरीलेही पाझर येईन."

"म्हणजे माही इहीर पेली त्यालेच मी पाणी पाजू? वा रे वा! चोराले पाट मांडू, पोळी वाढू!"

"अवो मावशी," मी म्हणलं, "चोराच्या पोटातूनच तं काढाचं हाय नं आपल्याले!"

मावशी हसली. मंग एकदम पोराकडं वळली. "पुढच्या आखाजीले तुह्या बापाची घागर या इहिरीच्या पाण्यानं भरली, तर इहीर राहीन. नाई भरली तर बुजव. मी एक शब्द बोलणार नाई."

"तू आन् बोलणार नाई? हे तर साऱ्या गावाले पाहा लागीन," दादा म्हणे. पण कबूल झाला.

आखाजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले, आमच्याकडं घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नवी मातीची घागर भरतात. भर उन्हाचा सण, त्यालेही तहान लागतच असंल नं.

पावसाच्या आधी खड्डा झाला. मावशी ज्या टोपल्यानं विहिरीतून दगड वर आणायची त्याच टोपल्यानं खड्ड्यात टाकत होती, वरून शिव्या चालूच. गावातल्या अजून काही बोरले असे खड्डे झाले. हिवाळ्यात दादाले गहू पेराचा होता. मावशी म्हणे, "गहू लई पेते, हरभरा पेर." दादानं कुरकुर करत हरभरा पेरला.

आखाजीच्या सकाळी जेसीबीवाला प्रज्वल बांधावर येऊन उभा. दादानंच बोलावला होता. मावशी नवी घागर घेऊन आली, त्याच्याकडं पाह्यलं पण नाही. बादली सोडली. हिरवा तुकडा गेला, जांभळा गेला, गुलाबीही गेला.

ठण्!

नुसता दगड. दादानं मान खाली घातली. मावशीनं बादली वर घेतली, विहिरीले वळसा घालून पलीकडच्या बाजूनं परत सोडली.

डुब.

मी एवढ्या जोऱ्यात ओरडली का प्रज्वल दचकला! पाणी गढूळ होतं. मावशीनं घागरीच्या तोंडावर पदर धरून गाळलं. परत बादली सोडली, परत गाळलं. मंग बादलीत नुसता चिखल येऊ लागला.

"अर्धीच हाय, माय," दादा हळूच म्हणे.

"तुह्या बापानं कधी कप भरून चहा पेला व्हता काय? अर्धाच पेये. म्हणे, बाकीचा तू घे, गोजर."

दादानं घागर दोन्ही हातानं उचलून सावलीत ठेवली. मंग प्रज्वलले म्हणे, "जा बे, ने तुही मशीन. नाईतर थांब, रस-पोळी खाऊनच जा."

पाऊस बरा झाला म्हणून पाणी राह्यलं का खड्ड्यामुळं, मले काय सांगता येत नाही. मावशीले तर त्याचं काहीच नव्हतं. तिनं बादलीच्या बुडाले उरलेलं गढूळ पाणी घेतलं, बोरपाशी गेली, आन् खड्ड्यातल्या रेतीवर ओतलं.

"घे रे चोट्ट्या," म्हणे, "तुलेही आखाजी."