आईचा डावखुरा नायक

शाळेच्या ग्रुपवर आज सगळे आपापले आवडते जुने नट-नट्या टाकत होते. त्यात एका सिनेमातल्या फोटोत आईचा लाडका नायक दिसला, चिठ्ठी लिहिताना. पेन उजव्या हातात होतं.

आमच्या तेल्हाऱ्याला तंबूतल्या सिनेमात पडद्याच्या पुढे पुरुष बसायचे आणि पलीकडे, पडद्याच्या मागे बायका. तो सिनेमा पाहिल्याच्या दुसऱ्या सकाळी आई चुलीपुढे भाकर थापत होती. आई डावखुरी, म्हणून आजीनं रोजच्यासारखं हटकलं.

"तो हिरोबी डावखुराच हाय," आई म्हणाली. "डाव्या हातानं चिठ्ठी लिहून राहिला होता."

आजी थांबली. "हो व, म्याबी पाह्यलं." त्यानंतर तिनं आईला कधी हटकलं नाही.

मागून पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं, हे तिथंच जेवत बसलेल्या बाबांना ठाऊक होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यात गरम भाकरीचा घास घातला.

मी फोटोखाली लिहिलं, 'आमच्या आईचा आवडता. डावखुरा होता.'